न्हाणीशेजारची डार्करूम: वास कुठून काढू आणि वापरलेला हायपो कुठे टाकू?

खासबागची फोटोवाली

नमस्कार मंडळी. बेळगावात आमच्या घरातच छोटी डार्करूम, म्हणजे फोटो धुवायची-छापायची अंधारी खोली, मांडलीय. फक्त ब्लॅक अँड व्हाइट, रंगीत काही करत नाही. मामांच्या माळ्यावर पडलेला एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र) हाती लागला आणि त्या नादात हे सगळं सुरू झालं. छापायला मजा येतेय, पण दोन गोष्टी डोक्याला ताप झाल्यात: एक हवा, दुसरं सांडपाणी.

आधी खोली सांगते. घर जुनं, मंगळूरी कौलांचं. पुढच्या सोप्यात पूर्वी माग होते. मागे स्वयंपाकघर, त्याला लागून न्हाणी, आणि न्हाणीला चिकटून सुताची पोती ठेवायची खोली. तीच आता डार्करूम. ८ फूट बाय ६ फूट, वर फळ्यांचा माळा असल्याने उंची ९ फूट. दार एकच, ते स्वयंपाकघरात उघडतं. पश्चिमेला परड्याच्या बाजूने एक झरोका आहे, तो मी पुठ्ठा आणि काळं कापड ठोकून बंद केलाय. गल्लीत पॉवरलूम चालतात, त्यामुळे सुताचं तूस उडत असतं आणि निगेटिव्हवर येऊन बसतं, तो त्रास वेगळाच.

केमिकलं म्हणाल तर फिल्मला डी-७६ डेव्हलपर, पेपरला डेक्टॉल जातीचा डेव्हलपर, डेव्हलपरचं काम थांबवायला ॲसेटिक ॲसिडचा स्टॉप बाथ आणि शेवटी फोटो पक्का करायला तुरटीवाला ॲसिड हायपो, म्हणजेच फिक्सर. दार लावून बसलं की थोड्या वेळात घसा खवखवायला लागतो, डोळे चुरचुरतात. दार उघडलं की आई स्वयंपाकघरातून ओरडते, "आमटीत पण तुझा व्हिनेगर येतोय!"

आता सांडपाणी. परड्यात आड आहे, झरोक्यापासून पंधराएक पावलांवर. त्याचं पाणी भांड्यांना, झाडांना, आणि उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी आलं नाही की प्यायलासुद्धा. संडासाला सेप्टिक टँक, न्हाणीचं पाणी उघड्या गटारीला. वापरलेला हायपो मी अजून कुठेच ओतलेला नाही, कॅनमध्ये साठवतेय. बाजारात एकांना विचारलं तर म्हणाले, "ओत की गटारीत, एवढ्याशानं काय होतंय?" मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही कळत नाही.

एक्झॉस्ट फॅन कुठला घेऊ, कुठे लावू? उजेड आत येणार नाही असं कसं करू? आणि या कॅनचं काय करू? पुढे सेपिया टोनिंग, म्हणजे फोटोला तपकिरी छटा द्यायचीही इच्छा आहे.

खडेबाजारचा जुना स्टुडिओवाला

ताई, फॅनचं नंतर बघू. आधी वास कशाचा येतो ते समजून घ्या, म्हणजे निम्मा फॅन फुकटात बसेल.

तुमच्या खोलीत दोन वास आहेत. आईंना येतो तो व्हिनेगरचा, स्टॉप बाथमधल्या ॲसेटिक ॲसिडचा. तो नाकाला लागतो, पण घसा धरतो तो दुसराच. तो येतो हायपोच्या ट्रेमधून. काडी पेटवल्याबरोबर नाकात झिणझिणतं ना, तसला. तो सल्फर डायऑक्साइड. ॲसिड हायपोतून तो थोडा थोडा सुटतच असतो, आणि स्टॉप बाथमधून प्रिंट नीट न निथळता हायपोत टाकली की आणखी सुटतो, कारण प्रत्येक प्रिंटबरोबर ॲसिड आत जातं. फारच ॲसिड गेलं तर हायपो फुटतो, दुधासारखा गढूळ होतो, खाली पिवळट गंधक बसतं. असा हायपो कामातून गेला. घरात कुणाला दमा असेल तर या वाफेला जरा जास्तच जपा. थोड्याशा वाफेनेही दमेकऱ्यांची छाती भरते.

तेव्हा पहिलं काम, ॲसेटिक ॲसिड बंद करा. सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं. लिटरला १५ ग्रॅम. काम तेच करतं, वास शून्य. तयार केलेलं फार दिवस टिकत नाही, बुरशी धरतं, म्हणून त्या दिवसापुरतंच करायचं. फिल्मला तर नुसत्या पाण्याचे दोन हात दिले तरी भागतं.

दुसरं, तुरटीचा हायपो सोडा. तुरटी घालायची ती फिल्म-पेपरवरचा जिलेटिनचा थर (इमल्शन) घट्ट व्हावा म्हणून, आणि तुरटी विरघळलेली राहावी म्हणून ॲसिड. आमच्या काळात त्याला कारण होतं. तेव्हाचा इंदू छापाचा फोटोपेपर, उन्हाळ्यातलं पाणी, वर ग्लेझिंगच्या गरम पत्र्यावर प्रिंट चिकटवायची. इमल्शन सुटून यायचं. आताच्या फिल्म मुळातच कडक करून येतात आणि बेळगावचं पाणी काही विजापूरएवढं तापत नाही. साधा हायपो २०० ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट २० ग्रॅम एक लिटर पाण्यात. आधी सल्फाइट विरघळवायचं, मग हायपो. वास जवळजवळ नाहीच. जरा सावकाश काम करतो, तेव्हा वेळ थोडा जास्त द्या, आणि स्टॉप बाथनंतर प्रिंट एकदा पाण्यात बुडवून मगच हायपोत टाका. नाहीतर ॲसिड पुन्हा आत जाणार आणि आपण आहे तिथंच.

आता हवा. खोली ८ गुणिले ६ गुणिले ९, म्हणजे ४३२ घनफूट. मीटरच्या हिशेबात १२ घनमीटरच्या थोडं वर. डार्करूमची हवा तासाला निदान दहा वेळा तरी बदलली पाहिजे, ट्रे उघडे असताना पंधरा वेळा बदलली तर उत्तम. म्हणजे तासाला १२० ते १८० घनमीटर. दुकानदार सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट असं बोलला तर ७२ ते १०८. पण खोक्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी, उजेड अडवायच्या फळ्या, वळणं आली की तो निम्म्यावर येतो असं धरून चालायचं. म्हणून ताशी ३०० घनमीटर किंवा त्याच्या वरचा आकडा बघून घ्या. आठ इंची घेतलात तर आरामात बसतं. रेग्युलेटर लावा, एन्लार्जरवर काम करताना हळू करता येतो. टेबलाला टेकून फॅन बसवू नका. त्याची थरथर एन्लार्जरला लागली तर प्रिंट हलते आणि तुम्ही लेन्सला शिव्या देत बसाल.

फॅन कुठे, यात खरी गंमत आहे. सगळे लोक छताजवळ लावतात, कारण स्वयंपाकघरात तसा असतो. डार्करूममध्ये त्याचा अर्थ असा होतो की ट्रेमधली वाफ वर जाताना तुमच्या नाकासमोरून जाते. मी ज्या स्टुडिओत उमेदवारी केली तिथे असाच होता, मालक म्हणायचे फॅन चालू आहे, आणि आम्ही दिवसभर शिंकायचो. ट्रे जिथे ठेवता त्या टेबलाच्या मागच्या भिंतीत, ट्रेच्या काठापासून वीतभर वर भोक पाहिजे. वाफ तुमच्यापासून पलीकडे ओढली गेली पाहिजे. हायपोचा ट्रे भोकाच्या सर्वात जवळ. आणि बाहेरची हवा यायची ती तुमच्या पाठीमागून, समोरच्या भिंतीतून, जमिनीलगत. फॅन आणि हवेचं तोंड एकाच भिंतीत ठेवलं तर हवा तिथल्या तिथे फिरते, खोलीतली जागची हलत नाही.

तुमचा झरोका पश्चिमेला आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाऊस आणि वारा दोन्ही तिकडूनच झोडपतात. नुसता फॅन लावला तर पावसाळ्यात वारा त्याला उलटा ढकलेल आणि पाणी मोटारीत जाईल. बाहेरून खाली वाकलेला पत्र्याचा टोप बसवा, तोंड जमिनीकडे. फॅन बंद झाला की आपोआप मिटणाऱ्या पट्ट्यांचं झाकण मिळतं, तेही लावा. शेजाऱ्यांची खिडकी समोर नाही ना, एवढं पाहून घ्या.

उजेडासाठी फॅनच्या आतल्या बाजूला प्लायवूडची पेटी. आत दोन फळ्या अशा, की एक वरून खाली येते पण तळाला टेकत नाही, दुसरी खालून वर जाते पण छताला टेकत नाही. हवा वळसा घेत जाते, उजेडाला वळता येत नाही. दोन वळणं पुरतात, मात्र आतून सगळीकडे शाळेच्या फळ्याला लावतात तो काळा रंग. चकचकीत काळा लावलात तर उजेड त्याच्यावरून उड्या मारत आत येतो. दाराच्या खालच्या भागात फूटभर रुंद, सहा इंच उंच भोक पाडून तशीच पेटी तिथे बसवा. फॅनच्या तोंडापेक्षा हे भोक लहान असता कामा नये, नाहीतर फॅन नुसता गुरगुरतो. झालं की भर दुपारी बारा वाजता आत जाऊन दहा मिनिटं अंधारात बसा. डोळे सरावले की कुठून उजेड येतो ते आपोआप दिसेल.

एक मुद्दा पुस्तकांच्या विरुद्ध सांगतो. पुस्तकं म्हणतात की गाळलेली हवा आत ढकलायची, खोलीत दाब थोडा जास्त ठेवायचा, म्हणजे धूळ आत येत नाही. स्टुडिओसाठी बरोबर. पण तुमच्या दाराबाहेर चूल आहे. आत दाब वाढवला तर वाफ स्वयंपाकघरात जाणार. तुम्ही ओढणाराच फॅन ठेवा, आणि तुसासाठी दारातल्या भोकावर एसीच्या फिल्टरची जाळी लावा, दर आठवड्याला धुवा.

शेवटचं. हवेत सगळ्यात वाईट वेळ असते ती पावडरी कालवताना. तेव्हा खोलीत नाही, परड्यात बसा, वारा नसताना, एन-९५ मास्क लावून. ट्रेमध्ये बोटं घालू नका, चिमटे वापरा नाहीतर नायट्राइलचे हातमोजे. डेव्हलपरमधल्या मेटॉलची खाज एकदा लागली की जन्माची लागते. आमच्यातल्या एकाचे हात असे फुटले की त्याने धंदाच बदलला. ट्रे वापरात नसला की वर दुसरा ट्रे पालथा घाला. काम संपल्यावर अर्धा तास फॅन चालू राहू द्या.

आडाचं आणि कॅनचं मी बोलत नाही. आमच्या काळात आम्ही काय केलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

गणपत गल्ली

काय ओ काका, सांगा की! मी सांगतो. सगळे गटारीत सोडायचे. आमच्या घरात बी फोटोचा धंदा होता, वर्षानुवर्षं सोडलंय, काय बी झालं नाही. उगंच भ्या घालूलालाय पोरीला. चार लिटर पाण्यानं काय आड बाटतोय?

निपाणीचा एक्स-रेवाला

चार लिटर पाणी नाही हो ते, त्यात चांदी आहे. चांदी कुणी गटारीत सोडतं का?

मी एक्स-रे विभागात नोकरी केली. डिजिटल यायच्या आधी आमच्याकडेही हेच, डेव्हलपर आणि फिक्सरच्या टाक्या. फिल्मवरच्या ज्या भागाला उजेड लागलेला नाही तिथली चांदी हायपोत उतरते. वापरून संपलेल्या फिक्सरमध्ये लिटरला काही ग्रॅम चांदी असते. म्हणून आमच्या जुन्या फिक्सरला आणि जुन्या एक्स-रे फिल्मला कायम गिऱ्हाईक असायचं. आमच्या निपाणीपासून हुपरी जवळ, पैंजणांचं गाव, तिथे चांदीचा कण वाया जात नाही. आणि गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, तर भारतभर पसरलेत, विटा, आटपाडी, खानापूर भागातले (आपलं खानापूर नव्हे, सांगलीतलं). कुठल्याही मोठ्या गावात सराफ कट्ट्यावर विचारलं तर गलाईचं दुकान सापडतं.

अडचण अशी की तुमच्यासारख्या हौशी माणसाचे दोन-चार लिटर घ्यायला कोणी येत नाही. त्यांना मोठा माल लागतो. त्याला दोन वाटा. एक, तुमच्यासारखे बेळगावात, धारवाडात, कोल्हापुरात आणखी असतील, सगळ्यांनी साठवून एकत्र द्यायचं. दुसरी, जवळपास अजून ओल्या पद्धतीने एक्स-रे धुणारा दवाखाना असेल, दातांचे डॉक्टर वगैरे, तर त्यांना विचारायचं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत एक्स-रे फिल्म धुण्याचं चांदीचं द्रावण नावानिशी लिहिलंय. ते वेगळं साठवायचं, त्यातलं घेण्यासारखं काढून घ्यायचं, प्रक्रिया करायची, आणि मगच बाकीच्या सांडपाण्यात सोडायचं, असं त्यांच्यावर बंधन आहे. हे नियम दवाखान्यांसाठी, तुमच्या घराला लागू नाहीत. पण त्यांच्याकडे सोय असेल तर तुमचा कॅन त्यात जाऊ शकतो. तोंडदेखलं नाही, नीट परवानगी घेऊन.

हायपो संपला कधी समजायचं, हेही सांगतो, कारण बरेच जण चांगला हायपो फेकतात आणि मेलेला वापरतात. फिल्मचा, डेव्हलप न केलेला, सुरुवातीचा कापून टाकायचा तुकडा ताज्या हायपोत टाका आणि दुधी रंग जाऊन स्वच्छ व्हायला किती वेळ लागतो तो लिहून ठेवा. त्याच्या दुप्पट वेळ लागायला लागला की तो हायपो संपला. आणखी खात्री हवी असेल तर पोटॅशियम आयोडाइडचं ५ टक्के पाणी करून चार थेंब टाका. पिवळसर साका धरला आणि हलवूनही गेला नाही, तर चांदी भरपूर झालीय.

साठवायचं ते एचडीपीईच्या, म्हणजे जाड टणक प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधी नाही, घरात पोरंबाळं येत-जात असतात. वर मोठ्या अक्षरात "वापरलेला हायपो, विष" असं मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत लिहा, घरकामाला येणाऱ्या बाईंना कळलं पाहिजे. आणि त्यात डेव्हलपर मिसळू नका. तो अल्कली असतो. काही झटपट फिक्सर अमोनियमवाले असतात, त्यात अल्कली गेली की अमोनिया सुटतो. वर मिसळलेला माल गलाईवालाही घेत नाही.

उद्यमबागचा प्लेटिंगवाला

गणपत गल्लीवाल्यांचं मी जरा सरळ करून सांगतो, कारण त्यांचं शंभर टक्के चूकही नाही. मी इलेक्ट्रोप्लेटिंगमध्ये आहे, सांडपाण्याचे हिशेब रोज डोळ्यांसमोर असतात.

हायपोतली चांदी ही सिल्व्हर नायट्रेटसारखी मोकळी नसते, थायोसल्फेटने बांधलेली असते, त्यामुळे जलचरांना ती मोकळ्या चांदीपेक्षा पुष्कळ कमी घातक. आणि ती शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात गेली तर तिथे तिचं सिल्व्हर सल्फाइड होतं, ते विरघळत नाही, गाळात बसतं. इथपर्यंत त्यांचं बरोबर.

पण खासबागची उघडी गटार म्हणजे शुद्धीकरण केंद्र नव्हे. ती पावसाळ्यात कुठे जाते ते शहापूर, वडगावच्या शेतकऱ्यांना विचारा. बळ्ळारी नाला तुंबला की ते पाणी भाताच्या शिवारात पसरतं. शहराने सोडलेली सगळी घाण तिथे भोगतात. तुमचे चार लिटर त्यात समुद्रात खसखस असतील, पण सोडणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.

आणि आडाचं तर बोलूच नका. आपली लाल माती, खाली जांभा, पाणी झरझर मुरतं. परड्यात ओतलेलं आडात जायला वेळ लागत नाही. नुसती चांदी नाही, डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोनही. ते माशांना फार वाईट. मातीत, हवेत त्याचं विघटन होतं, पण पिण्याच्या पाण्यात ते मुळात जाऊच का द्यायचं? म्हणून नियम एकच: परड्यात थेंबही नाही, वांग्याला नाही, केळीलाही नाही. सेप्टिक टँकमध्येही हायपो नाही. त्यातले जीवाणूच सगळं काम करतात, चांदी त्यांना बाधू शकते, आणि टाकीतलं पाणी पुढे शोषखड्ड्यातून जमिनीतच जातं.

मग काय करायचं? डेव्हलपर आणि लिंबूसत्त्वाचा स्टॉप बाथ, दोन्ही वापरून झाले की एका बादलीत एकत्र करा. एक अल्कली, एक आम्ल, बरंचसं उदासीन होतं. लिटमस लावून बघा, फार निळा दाखवला तर चिमूटभर लिंबूसत्त्व आणखी. मग ते ज्या घराला शहराच्या ड्रेनेजचं कनेक्शन आहे तिथे संडासात, भरपूर पाण्याबरोबर. टिळकवाडीत, कॅम्पात कुणी नातेवाईक असतीलच. कॅन घेऊन जा, चहा पिऊन या.

हायपो तोवर साठवा. आणि देण्याची सोयच झाली नाही तर घरी चांदी काढता येते. बिनसाबणाची स्टील वूल, भांडी घासायची लोखंडी जाळी नव्हे, हार्डवेअरमध्ये पॉलिशसाठी मिळते ती बारीक लोखंडी लोकर. हायपो किंचित आम्लधर्मी असावा. तुमचा आधीचा तुरटीवाला तसा आहेच, साध्या हायपोत जरासं लिंबूसत्त्व घाला, जास्त नाही, नाहीतर गढूळ होईल. प्लॅस्टिकच्या बादलीत मूठभर लोकर टाकून झाकण सैल ठेवून चार दिवस उघड्यावर, पण पावसापासून लांब. लोखंड विरघळतं, चांदी काळा गाळ होऊन बसते. झालं का बघायला तांब्याच्या वायरीचा तुकडा सॅंडपेपरने घासून त्यात पाच-दहा मिनिटं बुडवा. वर राखाडी-पांढरा थर चढला तर अजून चांदी आहे, लोकर आणखी टाका. तांबं तांबंच राहिलं तर वरचं पाणी त्याच ड्रेनेजच्या घरी. गाळ वाळवून डबीत, एक दिवस गलाईवाल्याकडे जाईल. श्रीमंत होणार नाही, पण आड वाचेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते इथे अजून कोणी बोललं नाही. तुमची डार्करूम न्हाणीला चिकटून आहे. तिथे संडास-मोरीचं ॲसिड असणार. सांडलेल्या हायपोवर ते ॲसिड पडलं तर एका झटक्यात सल्फर डायऑक्साइडचा लोट येतो. काकांनी सांगितलेला वास त्यापुढे काहीच नाही, बंद न्हाणीत माणूस कोसळू शकतो. आडात टाकायची ब्लीचिंग पावडरही या कुठल्याच केमिकलजवळ नको. ॲसिडला लागली तर क्लोरीन. हे दोन्ही डबे त्या खोलीतून आणि न्हाणीतून बाहेर काढा, दुसऱ्या टोकाला ठेवा, आणि आईंना सांगून ठेवा की हायपो सांडला तर फक्त पाणी आणि फडकं.

सेपियाचं: सोडियम सल्फाइडवाला टोनर घेऊ नका. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, आणि आम्ल लागलं की तो भरमसाट सुटतो. तो थोडा वेळ हुंगला की नाक बधिर होतं, वास येत नाही आणि माणसाला वाटतं गेला. शिवाय जवळ पडलेले पेपर, फिल्म सगळं धुकट करतो. थायोयुरियावाला घ्या, वास नाही. पण थायोयुरियामुळे कर्करोगाचा संशय घेतला जातो, तेव्हा हातमोजे घालूनच, आणि त्याची पावडर उडू द्यायची नाही. ब्लीचसाठी पोटॅशियम फेरिसायनाइड लागेल. नावात सायनाइड आहे म्हणून घाबरू नका, नेहमीच्या वापरात ते घट्ट बांधलेलं असतं. मात्र तीव्र ॲसिड आणि उष्णता यांच्या जवळ न्यायचं नाही. म्हणजे पुन्हा तेच, मोरीचं ॲसिड बाहेर.

खासबागची फोटोवाली

मोरीचं ॲसिड आत्ताच उठून पुढच्या सोप्यात ठेवून आले. एन्लार्जरखालच्या फळीवरच होतं.

काका, फॅनची जागा वाचून झरोका मोजला. तो जमिनीपासून साडेचार फुटांवर आहे आणि माझं टेबल अडीच फुटांचं. मातीची भिंत आहे, नवीन भोक पाडायला बाबा तयार नाहीत. मग?

प्लेटिंगवाले दादा, एक राहिलं. प्रिंट धुण्याचं पाणी तर बादल्यांनी निघतं. तेही सगळं टिळकवाडीला न्यायचं? मावशी आहे तिकडे, पण एवढं पाणी घेऊन गेले तर दार उघडणार नाही.

खडेबाजारचा जुना स्टुडिओवाला

मातीच्या भिंतीला हात लावू नका, बाबांचं बरोबर आहे. भोक खाली आणता येत नाही तर तोंड खाली आणा. झरोक्यात फॅन, आणि त्याच्या आतल्या पेटीला खालून एक चपटी प्लायची नळी जोडा, टेबलामागे भिंतीला चिकटून खाली येणारी. तिचं तोंड ट्रेच्या मागे, वीतभर उंचीवर, रुंद आणि बुटकं. तीनही ट्रे झाकेल इतकं रुंद केलंत तर फारच छान. नळीचा आडवा छेद फॅनच्या तोंडाएवढा असू द्या. वळण वाढलं म्हणून उजेडाचा त्रास आणखी कमी होईल, हा वरचा फायदा. प्लायला आतून रंग द्या, नाहीतर पावसाळ्यात फुगेल. आणि फॅनची वायर ट्रेवरून नको, वरून घ्या. ओल्या हाताने बटण दाबावं लागणार नाही अशा जागी बटण, आणि ईएलसीबी (शॉक लागायच्या वेळी वीज आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा.

उद्यमबागचा प्लेटिंगवाला

नाही, सगळं नाही न्यायचं. हायपोतून काढलेली प्रिंट ट्रेच्या कडेला धरून पुरी निथळू द्या, मग एका वेगळ्या ट्रेमध्ये लिटर-दीड लिटर पाण्यात बुडवून ठेवा. बहुतेक हायपो आणि चांदी याच पाण्यात उतरते. हे पाणी हायपोच्या कॅनमध्ये. त्यानंतरचं वाहतं पाणी न्हाणीतून गटारीला गेलं तर हरकत नाही, त्यात फार काही उरत नाही. पण झाडांना ते नको, मीठ असतंच थोडं. प्लॅस्टिकवाला, म्हणजे आरसी पेपर वापरलात तर धुवायला वाहतं पाणी दोन-चार मिनिटं पुरतं. फायबर पेपरला तासभर लागतो. नळाला चार दिवसांनी पाणी येणाऱ्या घरात मी तरी आरसीच वापरला असता.

गणपत गल्ली

बरं ओ बरं. आमच्या घरात अजून जुन्या फिक्सरचे दोन कॅन पडलेत, ते पण घेणार का कोण?

निपाणीचा एक्स-रेवाला

घेतील की. खासबागच्या ताईंचा कॅन आणि तुमचे दोन एकत्र करा. ओतून एकात नको, वेगवेगळेच राहू द्या, कुठल्यात डेव्हलपर गेलाय ते आपल्याला माहीत नाही. झाकणाला सैल आटा द्या, जुन्या फिक्सरमधून वायू सुटत असतो, कॅन फुगतो. गाडीच्या डिकीत उभे बांधून आणा, काचा खाली ठेवा. हुपरीला कोण घेतं ते मी विचारून ठेवतो. त्यांना आधी थोडा नमुना लागेल, शंभरएक मिली बाटलीत वेगळा काढून ठेवा आणि कुठल्या कॅनमधला ते बाटलीवर लिहा.